साळुंकीसाठी किडकी वांगी

आमच्या घरात दोन चुली होत्या. स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी आईची. मागच्या अंगणात पत्र्याच्या आडोशाला तीन विटा मांडलेल्या होत्या, ती चूल अप्पांची. आई वळसंगची, लिंगायत घरातली. तिच्या गळ्यात लहानपणापासून इष्टलिंग आहे, आणि आयुष्यात तिनं कधी अंड्यालाही हात लावला नव्हता. अप्पा मोहोळकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. मटण शिजलं नाही तर तो रविवार त्यांना रविवार वाटत नसे. या दोघांनी जात न बघता लग्न केलं. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी दारं लावून घेतली. दोघांनी बरंच काही सोडलं, पण आपापलं खाणं कोणी सोडलं नाही.

अप्पा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका छापखान्यात लागले. पण त्यांचं खरं काम पत्रकं लिहिण्याचं. नळाला पाणी येत नाही म्हणून पत्रक, बुवाबाजीविरुद्ध पत्रक, जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरापोरींच्या बाजूनं पत्रक. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. बाकीच्या मुली पाटीवर बाराखडी गिरवत होत्या तेव्हा मी 'कामगार बंधू-भगिनींनो' हे अक्षर अक्षर लावून वाचत होते. आई जमिनीवर मांडी घालून त्या पत्रकांच्या घड्या घालायची. एक शब्द न वाचता घालते, असं ती म्हणायची. ते खोटं होतं. एकदा तिनंच अप्पांना हाक मारून सांगितलं होतं, "हितं 'शोषण'चा पोटफोड्या ष उलटा पडलाय."

अप्पांनी घरात एकच नियम केला होता आणि तो कधी छापला नाही. कोणाला काही खायला लावायचं नाही, कोणाचं खाणं बंद करायचं नाही, आणि चोरून काही करायचं नाही. रविवारी ते स्वतः मटण आणत, स्वतः कांदा चिरत, अंगणात शिजवत, तिथंच जेवत आणि ते पातेलं स्वतः घासून चुलीशेजारी पालथं घालत. तो वास आईला सहन व्हायचा नाही. वास आत शिरला की तिचा घास घशाखाली उतरायचा नाही. म्हणून ती त्या दिवशी आधीच जेवून पुढच्या दारात जाऊन बसायची.

"झाला का तुमचा यज्ञ?" ती तिथून विचारायची.

"झाला. देव प्रसन्न हाय. भाकरी तेवढी पाठव," अप्पा मागून म्हणायचे.

भाकरी मी न्यायचे. आईनं थापलेली ज्वारीची भाकरी आणि अप्पांचा रस्सा, हे माझं रविवारचं जेवण. सोमवारी शेंगदाण्याची चटणी आणि वरण. शाळेत बाईंनी फळ्यावर तीन रकाने काढले होते, शाकाहारी, मांसाहारी, मिश्राहारी. गाय पहिल्यात, वाघ दुसऱ्यात. तिसऱ्यात त्यांनी कावळा, कोंबडी, डुक्कर, अस्वल लिहिलं आणि मग थोडं थांबून माणूस लिहिलं. वर्गात कोणीतरी हसलं. मी घरी येऊन सांगितलं की आपण डुकराच्या रकान्यात आहोत. "मी न्हाय," आई म्हणाली. "तू आणि तुझे अप्पा असाल."

हे सगळं आज लिहिताना मला राग येतो, आणि तो राग आईवर नाही. पुण्यात नोकरीसाठी खोली शोधत होते तेव्हा घरमालकांचा पहिला प्रश्न भाड्याचा नसायचा. तुम्ही काय खाता, हा असायचा. पुढं आडनाव विचारलं जायचं, आणि मग खोली आत्ताच गेली असं सांगितलं जायचं. खाण्याच्या आडून माणसाची जात हुंगणारी ही माणसं स्वतःला सात्त्विक म्हणवतात. मी यावर पत्रक काढलं, चौकात उभं राहून वाटलं. माझी आई त्या घरमालकांपेक्षा कितीतरी कडक शाकाहारी आहे. तिनं आयुष्यभर एका मटण खाणाऱ्या माणसाला भाकरी करून वाढली आणि त्याच्या ताटात कधी डोकावून पाहिलं नाही. दोन्ही एकच, असं कोणी म्हणालं तर मी अजूनही भांडते.

अप्पांना क्षय झाला हे उशिरा कळलं. गिरणीच्या कापसानं फुप्फुसं आधीच भरलेली होती, खोकला नेहमीचाच होता, त्यामुळं कोणी लक्ष दिलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, वजन वाढलं पाहिजे, अंडी द्या, सूप द्या. पण तोपर्यंत अप्पांच्या पायांची काठी झाली होती. अंगणात जाऊन चुलीपुढं बसणं त्यांना जमत नव्हतं. मी पुण्यात होते. सुट्टीच्या दिवशी यायचे, अंगणात अंडी उकडायचे, ती अप्पा खायचे. बाकीच्या दिवशी वरण-भात. मी एकदा म्हणाले, आईला सांगूया का, निदान अंडी उकडून ठेवायला. त्यांनी हात हलवला.

"नको. त्या वासात तिला जेवण जात न्हाय. मी बरा होईपर्यंत तिनं उपाशी राहायचं का? मी उठलो की करीन माझं मी."

ते उठले नाहीत. थंडी संपता संपता गेले.

त्यानंतर आई बोलायची थांबली. रुसल्यासारखी नाही. विचारलं तर मान हलवायची, दार वाजलं तर उघडायची. पण स्वतःहून शब्द निघत नव्हता, आणि जेवणही बंद झाल्यासारखंच होतं. अर्धी भाकरी ताटात घ्यायची, तिचे तुकडे करायची आणि तुकडे तसेच ठेवून उठायची. इतक्या वर्षांनी वळसंगहून मामा आले, चल म्हणाले माहेरी. तिनं मान हलवली ती नाही अशी. मी पुण्याची नोकरी सोडली आणि घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम घेतलं. तिचे गाल आत जाताना मी रोज पाहत होते. दवाखान्यात नेलं. सगळं ठीक आहे म्हणाले, खायला घाला म्हणाले. खायला घालणं हे एवढं सोपं असतं असं समजणाऱ्यांची मला गंमत वाटते.

उन्हाळ्यात, दुपारी, मागच्या यंत्रमागाच्या शेडच्या पत्र्याखालून एक पिल्लू आमच्या अंगणात पडलं. सोलापूरच्या उन्हात पत्रा कसा तापतो हे ज्याला माहीत आहे त्याला पिल्लं का पडतात हे सांगायला नको. साळुंकीचं पिल्लू होतं, अर्धवट पिसांचं, चोचीच्या कडा पिवळ्या. मी पाहिलं तोपर्यंत आईनं ते पदरात उचललं होतं. शेडवर त्याचे आईबाप ओरडत होते, पण वर चढायला जागा नव्हती, आणि खाली ठेवलं असतं तर मांजर टपलेलीच होती.

आईनं एका टोपलीत जुनं धोतर घातलं आणि पिल्लू त्यात ठेवलं. ते तोंड मिटून बसलं होतं.

"बाय तगी," आई त्याला म्हणाली. तोंड उघड. "बा मगा, बाय तगी." ये बाळा, तोंड उघड.

कित्येक आठवड्यांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. कानडी तर त्याहून जास्त दिवसांत नाही. अप्पांना कानडी येत नव्हती म्हणून ती घरात कानडी बोलायचीच नाही.

तिनं दुधात भाकरी कुस्करली आणि बोटाच्या टोकानं त्याला भरवली. पिल्लू आधी घेईना, मग घेऊ लागलं, मग ओरडून मागू लागलं. वाटीत थोडा काला उरला. आईनं वाटीकडे पाहिलं आणि टाकवेना म्हणून तो स्वतः खाल्ला. मी दारात उभी होते. मी जागची हलले नाही.

तेव्हापासून तसंच सुरू झालं. ती पिल्लासाठी काला करायची, मुद्दाम जास्त करायची, आणि उरलेला स्वतः खायची. त्याच्याशी कानडीत बोलायची. तिच्या माहेरी साळुंकीला गोरवंक म्हणतात, ती त्याला तशीच हाक मारायची. हळूहळू माझ्याशीही बोलू लागली, पिल्लाबद्दलच, पण बोलू लागली. मला दिसत होतं की माझ्या आईचं जेवण त्या टोपलीवर अवलंबून आहे. ते पिल्लू जगलं पाहिजे, एवढंच मला त्या दिवसांत हवं होतं. दुनिया बदलण्याच्या माझ्या सगळ्या मागण्या मी तात्पुरत्या बाजूला ठेवल्या होत्या.

पण पिल्लू वाढेना. पोट फुगलं, शी पातळ झाली, आणि पाय बाजूला फाकू लागले. उभं राहायला गेलं की धोतरावर घसरायचं. आई त्याला आणखी दूध द्यायची.

आम्ही टोपली घेऊन रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं शेळ्या, एक म्हैस, कुत्री आणि टोपलीतलं पाखरू घेऊन आलेल्या आम्ही दोघी. डॉक्टर तरुण होते, घाम पुसत होते.

"काय घालता याला?"

"दूध-भाकरी," आई म्हणाली.

"पाखराला दूध कुठं पचतंय, काकू? आणि नुसत्या भाकरीवर हाडं कशी धरतील त्याची? अळ्या घाला, नाकतोडे घाला. ते नाही जमलं तर उकडलेलं अंडं कुस्करून."

"आमच्यात चालत न्हाय," आई म्हणाली.

"तुमच्यात नसेल चालत. त्याच्यात चालतंय की. फळ पण खातंय, किडा पण खातंय. मिश्राहारी म्हणतात." त्यांनी पिल्लाचा पाय हळूच सरळ करून सोडून दिला. तो परत वाकला. "लवकर करा. आणि उडायला लागलं की सोडून द्या, पिंजऱ्यात कोंडू नका."

रिक्षात आई टोपलीवर पदर धरून बसली होती. तिचा चेहरा तसा का झाला ते मला लगेच कळलं. अंडी द्या. घरातल्या आजाऱ्यासाठी हे तिला दुसऱ्यांदा सांगितलं जात होतं.

घरी आल्यावर मी अंगणातल्या विटा झटकल्या आणि म्हणाले, "मी उकडते अंडं. तू आत बस."

"नको."

"मी भरवीन. तू हात लावू नकोस."

"माझ्या हातचं खातंय ते. ज्या हातानं मी लिंगाची पूजा करते त्या हातानं त्याला काला देते. त्याला न्हाय द्यायचं तसलं."

मग मी सुटले. अहिंसा म्हणजे काय, एका जिवाला उपाशी मारणं ही अहिंसा का, कोंबडीचं अंडं वाचवून साळुंकीचं पिल्लू मारायचं हा कुठला धर्म. मला चांगलं बोलता येतं. चौकात बोलायची सवय आहे. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"माझ्यापुढं पत्रक वाचू नकोस," ती म्हणाली. "लई घड्या घातल्यात मी त्याच्या."

ती पूजेला बसली तेव्हा मी टोपलीजवळ गेले. कोपऱ्यावरच्या दुकानात अंडी मिळत होती. ती डोळे मिटून बसलेली असताना मला सगळं करता आलं असतं, आणि तिला कळलंही नसतं. पिल्लू माझ्याकडे पाहून चोच उघडत होतं. मी दुकानात गेले नाही. अप्पा नव्हते, पण नियम होता, आणि मी त्या नियमावर वाढले होते. तत्त्वाला चिकटून राहिलं की माणसाला आतून बळ येतं असं मी लिहिलेलं आहे. त्या दुपारी मला कसलंही बळ आलं नाही. मी एका फाकलेल्या पायांच्या पाखरासमोर नुसती बसून होते.

संध्याकाळी आई वांगी चिरायला बसली. ती भाजी कशी निवडते हे सांगायला हवं. प्रत्येक वांगं उजेडाकडे धरून फिरवते, छिद्र शोधते. चिरताना आत अळी निघाली तर तो काप अळीसकट उचलून अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी नेऊन ठेवते. पीठ चाळताना निघालेले किडे कागदावर घेऊन उन्हात सोडते. आमच्याकडे डाळ निवडणं हे अर्धं निवडणं आणि अर्धं किड्यांचं स्थलांतर असायचं. अप्पा म्हणायचे, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात भाजीपेक्षा सुटका जास्त होते.

एका वांग्यात गुलाबी अळी निघाली. आई काप घेऊन उठली, नेहमीसारखी अंगणाकडे निघाली. वाटेत टोपली होती. पावलांच्या आवाजानं पिल्लानं मान वर केली आणि तोंड उघडलं. त्याच्या घशातला तो लाल रंग, आणि आवाज मात्र जेमतेम.

आई थांबली. बराच वेळ थांबली. मग तिनं डाव्या हातानं छातीवरचं लिंग पदराखालून सरकवून पाठीवर नेलं, खाली बसली आणि वांग्याचा काप पिल्लाच्या पुढ्यात ठेवला. अळी कापावर वळवळत होती. पिल्लानं दोनदा चुकीच्या जागी चोच मारली. तिसऱ्यांदा अळी सापडली.

"मी दिलं न्हाय," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता. "मी वांगं ठेवलं."

या वाक्याच्या चिंधड्या करायला अप्पांना अर्धं पानसुद्धा लागलं नसतं. मलाही लागलं नसतं. मी म्हणाले, "व्हय. तू वांगं ठेवलंस."

सकाळी ती मला घेऊन कोपऱ्यावर गेली. तिथली भाजीवाली होटगीहून पाटी घेऊन येते, आईची जुनी ओळखीची, तोंडाची फटकळ.

"किडकी वांगी हायत का गं?"

"काकू, सकाळच्या पारी माझ्या मालाला किडका म्हणता? बोहनी तरी होऊ द्या की."

"न्हाय गं. किडकीच पाहिजेत मला."

तिनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई बरी हाय न्हवं तुझी?"

"बरी आहे," मी म्हणाले. "पाहुणा आलाय घरी. त्याला लागतात."

"किडकी वांगी खाणारा पाहुणा? जावई केला का काय काकू, आमाला न सांगता?"

"असलाच मिळतोय आता," आई म्हणाली. "हिला कोण करून घेणार? सारखी भांडती."

भाजीवाली हसली आणि आईही हसली. मी अपमान गिळून उभी होते, आणि मला वाटत होतं की तिनं माझा आणखी थोडा अपमान करावा.

"औषध मारलेली नकोत," मी सांगितलं.

"औषध मारलं तर कीड कुटनं येईल, शहाणे? दारापुढं चार झाडं हायत माझी, त्याची आणीन."

आणि ती आणू लागली. वेगळ्या पिशवीत, 'जावयाची वांगी' म्हणून. बाकीची गिऱ्हाइकं वांगी फिरवून फिरवून छिद्र नसलेलं निवडत होती, आणि माझी आई छिद्र असलेलं. घरी आल्यावर ती लिंग पाठीवर सारायची, वांगं चिरायची, काप ठेवायची. दूध बंद झालं. काला आता नुसत्या पाण्यात. पिल्लाचे पाय हळूहळू अंगाखाली आले. मग ते टोपलीच्या कडेवर बसलं, मग आईच्या खांद्यावर, मग पंख्याच्या बंद पात्यावर.

आता ती साळुंकी झाली होती आणि तिला काहीही चालत होतं. केळं, भिजवलेली डाळ, चटणीतले शेंगदाणे, भिंतीवरच्या मुंग्या. एकदा गॅसच्या टाकीमागून तिनं झुरळ ओढून काढलं आणि आईच्या पूजेच्या पाटाजवळ आपटून आपटून खाल्लं. लगेच उडी मारून आईच्या ताटातला भाताचा कण उचलला. ना लाज, ना पाप. आई तिच्याकडे बघत राहिली.

"एकाच तोंडानं," ती म्हणाली.

मला वाटलं, जिंकलो. पक्षी उभा राहिला, आई बोलू लागली. पण साळुंकी जसजशी धडधाकट होत गेली तसतसं आईच्या ताटात पुन्हा उरायला लागलं. उकाड्यानं असेल असं मी स्वतःला सांगितलं. मग एका सकाळी, साळुंकी अंगणात उड्या मारत असताना, आई उंबऱ्यावर बसून म्हणाली, "बघितलंस? दूध-भाकरीनं पाय वाळत हुते. अळ्या मिळाल्या न् उभं राहिलं."

"हो."

"त्यांचे पण पाय वाळले हुते."

मी मुद्रितं खाली ठेवली. "आई, अप्पांचं वेगळं होतं. फुप्फुसं गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, उशीर झालाय."

"डॉक्टर अंडी पण म्हणाले हुते."

"अप्पांनीच नको म्हटलं. तुला त्रास नको म्हणून. मी तिथं होते."

"मी पण हुते की. दाराआड." ती साळुंकीकडेच बघत होती. "ते नकोच म्हणणार. जन्मभर कधी मागितलं न्हाय त्यांनी. मी इचारायचं हुतं. मी ऐकलं, आणि मला बरं वाटलं. आपल्यावर आलं न्हाय म्हणून बरं वाटलं."

मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं. हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि त्याची थट्टाही होते. मी तिला सांगू शकले असते की तो तुझा हक्क होता. कोणी कोणाच्या हाताला त्याला नको ते करायला लावू नये, यासाठीच तुम्ही दोघं एकत्र राहिलात, आणि अप्पा मरतानाही आपल्या शब्दाला जागले. हे सगळं खरं आहे. मी ते आजही मानते. पण अंड्यांनी अप्पा वाचले असते का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, डॉक्टरांकडेही नव्हतं, आणि ती तेच विचारत होती. तिच्यापुढं रोज एक पाखरू उड्या मारून सांगत होतं की वाचता येतं.

"त्यांनी तुझ्यासाठी केलं," मी शेवटी म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली. "म्हणूनच."

पाऊस लांबला होता, आभाळ नुसतं भरून यायचं. शेडच्या पत्र्यावर साळुंक्यांचा थवा बसू लागला. आमची तिकडे जाऊ लागली, आधी संध्याकाळी परत यायची, मग एक दिवसाआड, मग नाही. आईनं काही दिवस वांग्याचा काप कट्ट्यावर ठेवून पाहिला. त्याला मुंग्या लागल्या. अळी उन्हानं वाळून गेली तेव्हा मात्र आई कळवळली. हिला कशासाठी मारलं मी, म्हणाली, आणि काप ठेवणं बंद केलं.

"जावई कुटं गेला?" भाजीवालीनं विचारलं.

"गेला आपल्या घरी."

"आणि लेक हितंच?"

"हितंच."

त्यानंतर आठवडाभरानं असेल, सकाळी मी कामाला बसले होते. आई आंघोळ, पूजा आवरून आली आणि म्हणाली, "एक अंडं आण."

"कशाला? पाखरू गेलं ना?"

"तुला. अप्पा गेल्यापासून खाल्लं न्हाईस तू तसलं काय."

हे खरं होतं. कोणी बंद केलं नव्हतं, आपोआप झालं होतं. मी म्हणाले, नको, मला गरज नाही, मी ठीक आहे. बोलता बोलताच मला ऐकू आलं की मी कोणासारखी बोलते आहे, आणि मी उठून दुकानात गेले.

मी अंगणाकडे वळले तर आईनं माझ्या हातातून अंडं घेतलं. पहिल्यांदाच हातात धरत होती. जड वाटलं असावं, तिनं दुसरा हात खाली धरला. तिनं ते आत नेलं, लहान भांड्यात पाणी घालून गॅसवर ठेवलं आणि पदर नाकाला लावून तिथंच उभी राहिली. मी म्हणाले, तू बाहेर बस, मी बघते. ती हलली नाही. पाणी उकळून अंडं भांड्यात खडखडू लागलं तशी ती दचकली आणि तिनं गॅस लगेच बंद केला.

सोलताना टरफलाबरोबर अर्धं पांढरं निघून आलं. उरलेलं तिनं ताटलीत ठेवलं, बाजूला मीठ ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"खा."

मी खाऊ लागले.

"त्यांना असंच आवडायचं का?"

"असंच. मीठ लावून."

तिची पाठ माझ्याकडे होती आणि खांदे हलत होते.

"शिजलंय न्हवं नीट?" तिनं विचारलं.

आतलं पिवळं कच्चंच होतं, बोटांवरून ओघळत होतं. "शिजलंय," मी म्हणाले, आणि सगळं खाल्लं.